निर्जन बेटावर तीन दिवस

सुरतेहून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय असावं याबद्दल आमच्या दोंडाईच्यात ठाम कल्पना आहेत. दोन साड्या, घारी या मिठाईचा एक डबा आणि सुरतेच्या घाणीबद्दल दोन वाक्यं. यंदा जानेवारीत मी परतले तेव्हा यातलं काहीच आणलं नाही. प्लेग येऊन गेल्यापासून सुरतेत झाडू इतका फिरतो आहे की घाणीबद्दल बोलायची सोय राहिलेली नाही. माझ्या पिशवीत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जमिनीचं एक ढेकूळ होतं. शेतातलं नव्हे, घरातल्या जमिनीचं. वीतभर उंच, काळं-करडं, पातळ पातळ थरांचं. शेजारच्या काकूंनी ते हातात घेऊन, वास घेऊन, परत दिलं आणि विचारलं, "खायचं असतं का हे?"

नाही. पण ते का आणलं ते सांगायला हवं, कारण ते माझ्याकडून मागितलं जाण्याची शक्यता आहे.

सोमवार, नवागाम

माझा चुलतभाऊ भिकन सुरतेत बमरोलीला कापडाचे लूम चालवतो आणि नवागामला राहतो. त्याचं पत्र आलं होतं: "ताई, तू इतिहास शिकवतेस. माझ्या सासरचा इतिहास पाहिजे. गुरुवारच्या आत." बावीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवते आहे. तो कुणाला तातडीने हवा असल्याचं हे पहिलंच उदाहरण. मी रजा टाकून निघाले. गाडीबद्दल लिहीत नाही. ती उशिरा सुटली आणि उशिरा पोचली. वागण्यात तिने सातत्य ठेवलं.

नवागामात पाऊल ठेवलं की आधी वाटतं, गल्लोगल्ली भांडणं चालली आहेत. तसं काही नसतं. दिवसभर लूमच्या खटखटीत काढलेली माणसं घरी येऊनही त्याच आवाजात बोलतात. भिकनने मला पाणी विचारलं ते तीन घरं ऐकत होती. कानाच्या पाळीवर कापसाचा धूसर थर, हातात शेवभाजीची वाटी. भाजी आपल्याकडच्यासारखीच, फक्त शेजारीण गुजराती असल्यामुळे चिमूटभर साखर पडलेली. त्यावरून आमचा वाद झाला. भिकन साखरेच्या बाजूने होता. तेरा वर्षांत माणूस एवढा बदलतो.

जेवण झाल्यावर त्याने ट्रंकेतून एक निमंत्रणपत्रिका काढली. गुळगुळीत कागद, सोनेरी किनार, गुजरातीत छापलेली. सन्माननीय, आदरणीय आणि माननीय अशा तीन प्रतींची नावं उतरत्या क्रमाने. मजकूर असा की तापीच्या मुखाजवळच्या एका निर्जन बेटावर नव्या धक्क्याचं भूमिपूजन गुरुवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या शुभमुहूर्तावर होईल.

"ताई, निर्जन म्हणजे?" भिकनने विचारलं.

"जिथे माणसं राहत नाहीत ते."

त्याने बायकोकडे पाहिलं. मंगल तिथेच भांडी घासत होती. तिचा जन्म त्या बेटावरचा. "मंग मनं लगीन कोनासंगे झायं?" तो म्हणाला, आणि या वेळी तीन नव्हे, पाच घरं हसली.

प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. भूमिपूजनाबरोबर मोजणीचे साहेब येऊन पंचनामा करणार होते. त्यात 'हंगामी मजूर, कायम वस्ती नाही' असं लिहिलं गेलं, की घरं उचलून फेकायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. 'जुनी वस्ती' असं लिहिलं गेलं, तर दुसरीकडे जागा दिल्याशिवाय कुणाला हलवता येणार नव्हतं. सगळा खेळ त्या दोन शब्दांचा. आणि दोन शब्दांसाठी पुरावा हवा होता.

मंगलने पुराव्याची पिशवी माझ्यापुढे ओतली. रेशनकार्डं होती, पण बेटावर दुकान नाही म्हणून नवागामच्या पत्त्यावरची. पत्रं होती, सगळी इच्छापोरच्या एका चहावाल्याच्या मार्फत. वीज नाही म्हणून बिल नाही, शाळा नाही म्हणून दाखला नाही. ही माणसं तिथे राहतात हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीतच नव्हतं.

मंगळवार, कोलसाबेट

भिकन, मंगल आणि मी निघालो. इच्छापोरपर्यंत बस, पुढे पायी, मग होडी. वाटेत पोंक घेतला. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, पण सुरती माणूस तो शेताच्या बांधावर बसून खात नाही. तराजूत तोलून, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर, कागदाच्या पुडीत खातो. हुरड्याला इतकं प्रतिष्ठित झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चव मात्र तीच. मी दोन पुड्या संपवल्या आणि टीका मागे घेतली.

कोलसाबेट म्हणजे नदीत उताणं पडलेलं काळं सुपडं. खारफुटीची झुडपं आणि तीसेक घरं. भिकनची सासू मथुरामाय दारात उभी होती. वय तिला विचारू नये, सांगताही येणार नाही; पाठ ताठ, हात मनगटापर्यंत काळे. मी लगबगीने आत शिरले आणि चौकटीवर असं कपाळ आपटलं की डोळ्यांपुढे दुसरं बेट दिसलं.

"वाक ना वं," ती म्हणाली. "आठे समदा वाकीसन येतस."

चौकट माझ्या खांद्याच्या थोडी वर, एवढीच होती. मी मनात नोंद केली: गरिबी, लाकडाची टंचाई. इतिहासाच्या माणसांना कारणं फार लवकर सापडतात.

आता बेटाचा इतिहास, जसा मी मथुरामायच्या तोंडून ऐकला. पूर्वी मोठी जहाजं बाहेर समुद्रात उभी राहत आणि एका गिरणीसाठी कोळसा पडावातून, म्हणजे मोठ्या सपाट होड्यांतून, इथवर येई. उतरवायला माणसं लागत. खान्देशात दुष्काळ असल्यामुळे ती स्वस्त मिळाली. मथुरामायचा सासरा त्यांतला. पडाव कलंडत, पाट्या निसटत, कोळसा चिखलात जाई. मुकादम शिव्या देई आणि दुसऱ्या दिवशी तेच होई. पुढे गिरणी बंद पडली. मालक गेले, मुकादम गेला, पडाव कुजले. चिखलात गेलेला कोळसा तेवढा राहिला, आणि तो कुठे आहे हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसं राहिली. तेव्हापासून ती तो खणून काढताहेत. सरकारदरबारी याला खाण म्हणत नाहीत. खाणीला उद्घाटन लागतं.

दुपारी ओहोटी लागली तशा बायका चिखलावर उतरल्या. गुडघ्याखाली एक फळी घ्यायची, दुसऱ्या पायाने रेटा द्यायचा आणि चिखलावरून घसरत जायचं. मग कमरेएवढी लोखंडी सळई चिखलात खुपसायची आणि तिचं वरचं टोक दातांत धरायचं. शिंपला लागला तर सळई टणकन बोलते, दगड लागला तर दात दुखतो, आणि कोळसा लागला तर बारीक किरकिर जबड्यातून कानात जाते. मथुरामायने डोळे मिटून सळई धरली, "आठे," म्हणाली, आणि सुनेने नेमकं तिथेच खणलं. पाटी भरली.

मीही प्रयत्न केला. मला सगळीकडेच किरकिर ऐकू आली. बहुधा माझी दाढ असावी. शिवाय फळीवरून पाय सुटला आणि मी मांडीपर्यंत रुतले. दोघींनी मला काढलं. डावी चप्पल तिथेच आहे. पुढेमागे उत्खनन झालं तर ती कोणत्या संस्कृतीची ते मी आताच सांगून ठेवते.

संध्याकाळी त्याच कोळशावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत झालं. आपल्याकडे भरताची वांगी तुराट्यांवर भाजतात आणि त्यावाचून भरीत होत नाही असं आपण शपथेवर सांगतो. होतं. थोडा समुद्राचा वास येतो, एवढंच.

बुधवार, बेटावरच

सकाळभर घरोघरी हिंडून मी कागद शोधले. एका घरी देवामागे गुंडाळून ठेवलेला दस्तऐवज मिळाला, तो कुत्र्याच्या चाव्यावरच्या इंजेक्शनांचा निघाला. दुसऱ्या घरी लग्नपत्रिका होती, पण लग्नस्थळ नवागाम. माझ्या वहीत 'काही नाही' हे शब्द इतक्यांदा आले की मी पुढे नुसत्या खुणा केल्या.

हताश होऊन परतले आणि पुन्हा त्याच चौकटीवर, त्याच जागी, आपटले. मथुरामायने मला बसवून कपाळावर हळद दाबली. मी चिडूनच म्हणाले, "माय, एवढं बुटकं दार कुणी केलं?"

"दार तं उंच व्हतं. मना सासरा पाटी डोक्यावर लिसन मझार येये."

"मग खाली कसं आलं?"

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जशी मी वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे पाहते. "दार खाले नही उनं, बाय. जमीन वर उनी."

मग तिने जे सांगितलं ते तिच्या लेखी सांगण्यासारखंही नव्हतं. आपल्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात, सासूच्या तक्रारी गातात. बेटावर झोक्याला झाड नाही. म्हणून इथे अखाजीला लेकी येतात आणि घरात नवी जमीन घालतात. कोळशाची चाळलेली भुकटी, चुलीची राख आणि चिकणमाती कालवून, अर्ध्या बोटाचा थर, हाताने चोपून. शेवटी चुलीशेजारच्या कोपऱ्यात लेक आपला पंजा उमटवते. पुढच्या अखाजीला त्या पंजावर कोरडी राख भुरभुरतात आणि मगच नवा थर घालतात. लेकीचा हात झाकावा, पुसू नये, म्हणून.

"दरवर्षी?"

"दरसाल. जमीन नही घाली तं लेक उनी कसाले?"

मी सकाळभर ज्या पुराव्याच्या शोधात घरोघर फिरले, त्यावर बसूनच दोन दिवस चहा पीत होते. मी उठून उभी राहिले (वाकून) आणि म्हणाले, "माय, उद्या साहेबांसमोर ही जमीन खणायची. थर मोजायचे."

तिचा चेहरा बंद झाला. "नही."

"अहो, घर वाचेल."

"खाले मनी शांतीना हात शे," ती म्हणाली, आणि पाट्या धुवायला निघून गेली.

मंगलने मला सांगितलं. शांती म्हणजे तिची थोरली बहीण. सासरी धाडल्यावर ती चार अखाज्यांना आली, पाचवीला ती गेल्याचा निरोप आला. चार पंजे त्या कोपऱ्यात खाली कुठेतरी आहेत. फोटो नाही. मी वही मिटली. भरती आली, दिवेलागण झाली, भाकरी झाली. मथुरामायने मला वाढलं, पण लगेच पाठ फिरवली.

गुरुवार, मुहूर्त

मुहूर्त काढणाऱ्याने ग्रह पाहिले होते, नक्षत्र पाहिलं होतं. ओहोट पाहिली नव्हती. बारा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त बरोबर नदी आटलेल्या वेळी येत होता.

साडेअकराला मंडप सजला, लाऊडस्पीकर सनई वाजवू लागला आणि पाहुण्यांची होडी बेटापासून हाकेच्या अंतरावर चिखलात बसली. पांढरे कपडे, जरीच्या किनारीची उपरणी, सोबत सांगाड्यात बांधलेली संगमरवरी कोनशिला. स्वागत समितीचे अध्यक्ष काठावर हार घेऊन उभे. हार पोचेना, पाहुणे उतरेनात. सनई मात्र चालू.

मथुरामायने थोडा वेळ पाहिलं. "पाव्हना शेतस, आनाले जोयजेत," म्हणाली आणि फळी घेतली. बायका निघाल्या. प्रमुख पाहुण्यांनी फळीवर बसायला नकार दिला आणि आपलं भाषण होडीतच केलं. लाऊडस्पीकर काठावर असल्याने ते ज्यांच्या नशिबी होतं त्यांनीच ऐकलं. कोनशिला मात्र आली. चार बायकांनी ती फळ्यांवरून ओढत आणून मंडपात टेकवली. मी अक्षरं वाचून दाखवली: 'या निर्जन बेटावर'.

"ज्यास्नी आनी त्याच नहीत व्हय?" एक सून म्हणाली. अध्यक्षांनी हार खुर्चीवर ठेवला.

मोजणीचे साहेब मात्र फळीवर बसले. पन्नाशीचे, सुरतेतलेच, डोक्यावर टोपी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मथुरामायने त्यांना सरळ आपल्या घरी आणलं. ते लगबगीने आत शिरले आणि मी डोळे मिटून घेतले. आवाज आलाच.

"अरे बाप रे! आटलुं नीचुं बारणुं?" ते कपाळ धरून म्हणाले.

मी जमिनीचं नावही काढलं नाही. तो अधिकार मला नव्हता. मथुरामाय चुलीशेजारच्या कोपऱ्याकडे बघत होती. मग तिने पहार उचलली, दाराजवळची जागा निवडली, आणि आपल्या घराच्या जमिनीत स्वतःच पहिला घाव घातला.

"मोज," ती मला म्हणाली.

भिकनने खणलं, मी कड साफ केली. काळी रेघ, करडी रेघ, काळी रेघ. साहेब आधी घड्याळ पाहत होते, मग उकिडवे बसले, मग त्यांनी चष्मा लावला. मी मोठ्याने मोजत होते. सव्विसाव्या थराखाली काळं संपलं आणि चार बोटं जाडीची पिवळी, मऊ माती लागली. वाहून आलेल्या गाळासारखी.

साहेबांनी ती बोटांनी चोळली. "आ तो अडसठनी रेल छे," ते हळूच म्हणाले. सुरतेत पुराला रेल म्हणतात. अडुसष्टचा पूर तिथल्या कुणालाच सांगावा लागत नाही, आणि त्यानंतरच्या अखाज्या मोजल्या तर बरोबर सव्वीस होतात. "हमारे घर में भी यही मिट्टी थी. दो दिन छपरे पर बैठे थे."

"इतला गाळ कोन काढी?" मथुरामाय म्हणाली. "त्यानावरच जमीन घाली. खाले बी शे. खन."

गाळाखाली पुन्हा काळे थर सुरू झाले. नऊ मोजले, मग पाणी लागलं.

समितीचे अध्यक्ष दारातूनच म्हणाले, भिंतीला-जमिनीला काय, कुणीही रात्रीतून थर लावील. तेव्हा मथुरामाय चुलीच्या कोपऱ्यात गेली. तिथे तिने पहार वापरली नाही. उलथन्याने, नखांनी, एकेक थर सोडवत गेली. मंगल शेजारी बसून पापुद्रे ताटात ठेवत होती. दर पापुद्र्याखाली राखेची भुरभुर आणि तिच्याखाली पाच बोटं. मंगलची, धाकटीची, पुन्हा मंगलची. मग एक हात आला, लांब बोटांचा, करंगळी किंचित बाहेर वळलेली. मथुरामाय थांबली. तिने फुंकर मारून राख उडवली आणि आपला हात त्याच्यावर, न टेकवता, धरला.

"हाई मनी शांती," ती साहेबांना म्हणाली. "आते लिख. निर्जन."

साहेबांनी टोपी काढली होती, हे मला नंतर आठवलं. त्यांनी लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते आणि त्यांनी मला वाचू दिलं. थर किती, गाळ कोणता, आणि शेवटी 'जुनी वस्ती'. "मैं जो देखा वो लिखा," ते म्हणाले. "ऊपर क्या होगा, मेरे हाथ में नहीं." खरं बोलणारा अधिकारी इतकंच बोलू शकतो.

मग शाईचा पॅड पुढे केला. "अंगठा."

"अंगठा कसाले?" मथुरामायने विचारलं. तिने पॅड बाजूला सारला, खड्ड्यातल्या ओल्या काळ्या चिखलात हात बुडवला आणि पंचनाम्याच्या खालच्या अर्ध्या पानावर, साहेबांच्या सहीसकट, आपला आख्खा पंजा उमटवला.

त्याच दुपारी खड्डा भरला. अखाजीला तीन महिने होते, तरी नवी जमीन घातली. ती मी आणि मंगलने चोपली. कोपऱ्यातले पापुद्रे मथुरामायने होते त्याच क्रमाने, मध्ये राख घालून, परत बसवले. निघताना ती म्हणाली, "तुना बी हात ठेव. तू बी खान्देशनी आंडेर." आंडेर म्हणजे लेक. मी ठेवला. दाराजवळून निघालेल्या ढेकळांचे तिने अकरा तुकडे केले आणि अकरा नातेवाइकांना वाटले. कचेरीत कागद हरवतात, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. कोनशिला मंडप गेल्यावर तिथेच राहिली. पालथी घालून तिच्यावर आता कोळसा धुतात. संगमरवर त्या कामाला उत्तम असतो.

तेव्हापासून मी मोजणीच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. सदर बेटाचा पंचनामा दप्तरी आढळून येत नाही. आपल्याकडे काही पुरावा असल्यास सादर करावा.

आहे. माझ्या शाळेच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी. मुख्याध्यापकांनी ते ढेकूळ काढून टाकायला दोनदा सांगितलं आणि मी दोनदा ऐकलं नाही. आणखी दहा तुकडे दहा घरांत आहेत, आणि उरलेली जमीन जिथे होती तिथेच आहे, दर अखाजीला अर्धं बोट वर येणारी. मी ते ढेकूळ टपालाने पाठवणार नाही. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी दोंडाईच्याला यावं. आमच्या शाळेचं दार चांगलं उंच आहे. तरी आत येताना वाकून यावं.